हाक आधी ठरवा, नाव मागून

"मी मूळचा कोल्हापूरचा, बायको रशियन, राहतो सेंट पीटर्सबर्गला. जूनमध्ये मुलगी होणार आहे. तिची शाळा-कॉलेज इथेच व्हायची, म्हणून नाव रशियन ठेवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. पण आईचा हट्ट आहे की पणजीचं नाव चालवायचं, मंदा. दोन्हीकडे चालेल असं काही सुचवाल का?"

मंदाचं आधी निकालात काढू. रशियनमध्ये हा शब्द जवळपास जसाच्या तसा आहे आणि ती घाणेरडी शिवी आहे. अर्थ बायकोला विचारा, मी इथे लिहिणार नाही. आईंनाही अर्थ सांगत बसू नका, 'शाळेत चिडवतील' एवढं पुरे. पुढचा हट्ट सुकन्याचा आला तर त्याचंही उत्तर तेच.

'दोन्हीकडे चालणाऱ्या' नावांच्या याद्यांवर माझा फार भरवसा नाही. करणाऱ्याने एकाच बाजूला कान लावलेला असतो. तारा घ्या. रशियनमध्ये तारा म्हणजे खोकी, क्रेट, बाटल्या-बरण्या. राधाचं तिकडे रादा होतं, कारण त्यांच्याकडे ध नाही. अर्थ मात्र गोड, 'मला आनंद झाला' म्हणताना बाई स्वतःला रादा म्हणते. पण तेच नाव इंग्रजी अक्षरांत कोल्हापूरला पोचलं की पहिला वाचणारा त्याचा राडा करणार. आणि आन्ना हे तिथलं एवढं लाडकं नाव आपल्याकडे अण्णांचं.

खरी गोम पुढेच आहे. रशियात दाखल्यावरच्या नावाने घरात सहसा कोणी हाक मारत नाही. मारियाची माशा होते, येकातेरिनाची कात्या, अनस्तासियाची नास्त्या, ओल्गाची ओल्या. ही हाक मराठी कानाने ऐकून बघा. माझ्या मावसबहिणीची नात मॉस्कोची. नाव दार्या. आम्ही सगळे खूश, दर्या म्हणजे समुद्रच की. मग व्हिडिओ कॉलवर तिची आई 'दाशा, दाशा' करायला लागली आणि इकडे पणजी सुपारी कातरता कातरता थांबून म्हणाली, "कुणाची गं दशा?" तेव्हापासून ती पोर आमच्याकडे दशाच आहे. नास्त्याच्या मागे आपली जीभ आपोआप उठाठेवी जोडते, ओल्या म्हटलं की नारळाच्या करंज्या आठवतात, आणि माशा तर घोंघावतातच.

म्हणून आधी हाक निवडा. बायको लाडात आली की काय म्हणेल, चिडली की काय म्हणेल, ते तिला विचारा. माशाची लाडात माशेन्का होते आणि रागात माश्का, आपल्या बंडूचा बंड्या होतो तसंच. ही सगळी रूपं कागदावर लिहा आणि फोनवर बहिणीला मोठ्याने वाचायला लावा. ती हसली नाही तर पुढे जा.

मुलीच्या नावात मराठी काय राहणार, ही चिंता मात्र सोडा. रशियन नाव आपल्यासारखंच तीन तुकड्यांचं असतं, स्वतःचं, बापाचं आणि आडनाव. तुमचं नाव सचिन असेल तर ती सचिनोव्ना, विजय असेल तर विजयेव्ना. हे कागदापुरतं नाही. उद्या ती शिक्षिका किंवा डॉक्टर झाली, तर आपण 'बाई' किंवा 'मॅडम' म्हणतो त्या जागी लोक 'वेरा सचिनोव्ना' म्हणतील. दिवसातून दहा वेळा तुमचं नाव घेतलं जाईल, तेही अदबीने! आडनावाला शेपूट लावायची गरज नाही, कुलकर्णी, जोशी, पाटील ही बाईच्या बाबतीत तिथेही आहेत तशीच राहतात.

वेरा उगाच नाही म्हटलं. उच्चार जुळवत बसण्यापेक्षा अर्थ जुळवावा असं मला वाटतं. वेरा म्हणजे श्रद्धा, नादेझ्दा म्हणजे आशा, ल्युबोव म्हणजे प्रीती. परंपरेप्रमाणे या तिघी संत बहिणी, सोफियाच्या मुली, आणि त्यांचा दिवस ३० सप्टेंबर. पूर्वी तिथे नाव अशा संतांच्या दिनदर्शिकेतून निघायचं, आपण नक्षत्रावरून अक्षर काढतो तसं. दाखल्यावर वेरा, पाळण्यात श्रद्धा. मीराही चांगलं, 'मीर' म्हणजे शांतता आणि जगसुद्धा. श्वेता-स्वेताची जोडी तर मुळातूनच एक आहे, आपलं श्वेत आणि त्यांचं उजेड या अर्थाचं 'स्वेत' हे सख्खे शब्द. पण स्वेता ज्याची हाक, ते स्वेतलाना आता तिथे मावशा-आत्यांचं नाव झालंय, आपल्याकडे सुनंदा वाटावं तसं.

जन्माची नोंद झाग्स कार्यालयात महिन्याच्या आत करायची असते. तिथे जाण्याआधी अक्षरन् अक्षर पक्कं करा. सोफ्या आणि सोफिया ही रशियन कागदावर दोन वेगळी नावं आहेत. पासपोर्टवर इंग्रजी अक्षरांत सोफियाला दोन 'आय' शेजारी शेजारी येतात, सोफ्याला एकच. आई रशियन आणि जन्म रशियातला, म्हणजे मुलगी रशियन नागरिक. भारतासाठी तिचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) काढाल तेव्हा त्यावरही नाव पासपोर्टप्रमाणेच लागेल. एकदा छापलेला जादा 'आय' जन्मभर प्रत्येक खिडकीवर समजावत बसावं लागतं.

राहिलं बारसं. तुमच्या सासूबाई बहुधा चाळीस दिवस बाळ परक्याला दाखवू देणार नाहीत. वाद घालू नका, आपल्याकडचा सव्वा महिना आठवा. बाराव्या दिवशी घरातल्या घरात करा, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' कोल्हापूरहून व्हिडिओवर होऊ दे. फक्त आत्याचं कुर्रर्र ऐकवायला बाळाच्या कानाला फोन लावू नका. तेवढं बायकोला म्हणू द्या, रशियन 'र' आपल्यापेक्षा खणखणीत असतो.