सुपरवायझर झालो आणि सगळ्यांचा वाईट झालो

"मॅडम, माझ्या स्वभावातच कायतरी खोट हाय बघा. चौदा वर्षं मशीनवर होतो, कुणाची तक्रार नव्हती. सुपरवायझर झालो आणि सहा महिन्यांत सगळ्यांचा वाईट झालो."

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (वितळलेला धातू साच्यात ओतून भाग बनवणारा कारखाना) वाळूचे साचे बनवणारी मोल्डिंग लाइन सांभाळणाऱ्या गृहस्थांची ही तक्रार (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पहाटे तीनला जाग, घरी चिडचिड, कामावर जायच्या आदल्या रात्री पोटात गोळा. लाइनवरून बढती मिळालेल्यांना हाच प्रश्न पडतो: आपण या कामाला लायक नाही का?

आधी नैराश्य तपासावं लागतं. दोन आठवडे किंवा जास्त काळ मन उदास आहे, कशातच रस नाही, भूक मेली आहे असं असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. इथं तसं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ते शेतावर रमत होते, जेवणही चवीनं जात होतं. त्रास कामाच्या तासांनाच चिकटलेला होता. असं दिसलं की स्वभावाच्या आधी काम तपासायचं.

त्यांना सहा शिफ्टची नोंद ठेवायला सांगितली. खिशातली वही, तीन रकाने: कुणी काय सांगितलं, निर्णय घ्यायचा अधिकार कुणाचा, शेवटी काय झालं. नोंद त्याच शिफ्टमध्ये करायची. घरी गेल्यावर लिहिलं की राग लिहिला जातो, घटना निसटते.

वहीत एकच प्रसंग तीनदा आला. वाळूतला ओलावा चार टक्क्यांच्या वर गेला की क्वालिटीवाले म्हणणार, लाइन थांबवा, कास्टिंगला ब्लोहोल येतील, म्हणजे ओतलेल्या भागात वायूच्या पोकळ्या राहतील. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणणार, साच्यांचा आकडा पूर्ण झालाच पाहिजे. लाइन थांबवली तर आकड्यावरून बोलणी, चालू ठेवली तर रिजेक्शनवरून. मधला रकाना तिन्ही वेळा कोराच होता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट कान आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये अशा कोंडीचे दोन भाग वेगळे करून दाखवले. दोन वरिष्ठांच्या अपेक्षा एकमेकींच्या आड येणं हा भूमिका-संघर्ष. आपला अधिकार कुठवर हेच ठाऊक नसणं ही भूमिका-संदिग्धता. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये त्यात नेमकी भर घातली: कामाचा रेटा मोठा आणि निर्णय आपल्या हातात नाहीत, अशा जागी ताण सगळ्यात जास्त साचतो. या गृहस्थांची खुर्ची अगदी तशीच होती. त्यांच्या जागी दुसरा कुणी बसला असता तरी पहाटे तीनला जागाच राहिला असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मॅनेजरशी बोलायची तयारी. इथंच बहुतेकांचं गणित चुकतं. "साहेब, लई टेन्शन हाय" म्हटलं की "सगळ्यांनाच असतं" हे उत्तर ठरलेलं. वीस तक्रारी नेल्या तर माणूस रडका ठरतो. म्हणून तीनच प्रश्न, एका कागदावर. ओलावा किती झाला की मी विचारल्याशिवाय लाइन थांबवू शकतो? त्या शिफ्टचा आकडा कसा मोजणार? क्वालिटी आणि प्रॉडक्शनचं जमलं नाही तर फोन कुणाला करायचा? शिफ्ट बदलताना ही बैठक मागायची नाही. दुपारची वीस मिनिटं आधी ठरवून घ्यायची. जे ठरेल ते त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवायचं: "आपलं असं ठरलं, बरोबर ना साहेब?" तोंडी होकार आठवड्याभरात विरून जातो.

दुसरी गाठ होती जुन्या दोस्तांची. रोज एकत्र डबा खाणारा मित्र उशिरा आला की हे गप्प बसत, दुसरा आला की बोलत. लाइनवरच्या पोरांना हे दिसतंच. निर्णय आपल्या विरुद्ध गेला तरी माणसं तो बऱ्यापैकी पचवतात, फक्त नियम आधी सांगितलेला आणि सगळ्यांना सारखा हवा. म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला, सगळ्यांसमोर, एकच वाक्य ठरवलं: "दहा मिनिटांपर्यंत सूट, पुढं नोंद, माझ्या दोस्तांचीसुद्धा." त्या मित्राला आदल्या दिवशी चहावर स्वतंत्र सांगायचं, चारचौघांत त्याचं नाव घ्यायचं नाही. डबा सोडायची मात्र काहीच गरज नव्हती. अधिकार दाखवायला लोक आधी जेवण वेगळं करतात आणि लाइनवरची खबर स्वतःच तोडून घेतात.

लाइन थांबवायची मर्यादा मॅनेजरनं लिहून दिली. झोप हळूहळू सुधारली. मित्र पहिले पंधरा दिवस बोलत नव्हता, नंतर वेळेवर यायला लागला. ओव्हरटाइमची यादी अजून ठेकेदारच ठरवतो आणि पोरं जाब यांनाच विचारतात. त्यासाठी वहीत नवं पान सुरू झालंय, पुढच्या बैठकीला तो एकच प्रश्न घेऊन जायचं ठरलंय.