जुन्या ऑफिस संगणकावर गेमिंग

प्रश्न : ऑफिसातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ३०२० मिनी टॉवर मुलासाठी घेतला आहे. चौथ्या पिढीचा आय-५ आणि ८ जीबी रॅम आहे. गेमसाठी काय बदलावे?

उत्तर : प्रथम झाकण उघडून एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) पाहावा, तो मूळचा असल्यास त्यावर २९० वॅट लिहिलेले असेल आणि ग्राफिक्स कार्डाला (गेमची चित्रे पडद्यावर उमटवणाऱ्या कार्डाला) जोडायची सहा पिनांची वायर त्यातून निघालेली नसेल. म्हणून मदरबोर्डवरच्या (मुख्य सर्किट बोर्डावरच्या) कार्ड बसवायच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटांतच चालणारे, वेगळी वायर न लागणारे जीटीएक्स १६५० हे ग्राफिक्स कार्ड घ्यावे; याच कार्डाच्या काही आवृत्त्यांना सहा पिनांची जोडणी लागते, तेव्हा खोका नव्हे, कार्डाची कडा पाहूनच पैसे द्यावेत. एसएमपीएस बदलण्याच्या भरीस पडू नये, कारण या मदरबोर्डची जोडणी आठ पिनांची असून बाजारातला नेहमीचा एसएमपीएस त्याला थेट बसत नाही. रॅमची एकच पट्टी असल्यास तशीच दुसरी लावावी. एसएसडीने (हार्ड डिस्कऐवजी लावायच्या वेगवान साठवणीने) गेम लवकर उघडतील, फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रे) मात्र फारशा वाढणार नाहीत.