डिस्क्रिप्टरचं ‘वाटप’ म्हणावं का?

लिनक्स कर्नेलवर (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे, की ‘सेफर फाइल डिस्क्रिप्टर अ‍ॅलोकेशन’ला ‘फाइल वर्णकाचे अधिक सुरक्षित वाटप’ म्हटलं तर चालेल का?

‘वर्णक’ नको. डिस्क्रिप्टर कशाचंच वर्णन करत नाही. प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, उघड्या फाइलींच्या तक्त्यातल्या एका जागेचा तो क्रमांक, बस्स. मग ‘फाइल क्रमांक’ का नको? तर एकाच उघड्या फाइलचे दोन-तीन डिस्क्रिप्टर असू शकतात, आणि ३ हा आकडा दर प्रोसेसमध्ये वेगळी फाइल दाखवू शकतो. डिस्क्रिप्टर हाच शब्द ठेवावा.

‘वाटप’ मला जास्त खटकतं. वाटप झालं म्हणजे वस्तू घेणाऱ्याच्या हाती पडली. कर्नेलमध्ये मात्र या कामाच्या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘गेट_अनयूज्ड_एफडी_फ्लॅग्ज’ हे फंक्शन सर्वांत लहान मोकळा क्रमांक राखून ठेवतं. जागा अजून रिकामीच असते. पुढे ‘एफडी_इन्स्टॉल’ तिथे फाइल बसवतं. मधल्या काळात काही फसलं तर ‘पुट_अनयूज्ड_एफडी’ने क्रमांक सोडून देता येतो. फाइल बसली की परतीची वाट बंद. त्या क्षणापासून त्याच प्रोसेसचा दुसरा थ्रेड (समांतर चालणारा धागा) तो डिस्क्रिप्टर वापरू शकतो, बंदही करू शकतो.

हे विसरलं की काय होतं ते २०२२ साली व्हीएमवेअरच्या आभासी ग्राफिक्ससाठीच्या ड्रायव्हरमध्ये दिसलं. फाइल आधीच बसवली होती, नंतर वापरकर्त्याच्या मेमरीत उत्तर उतरवताना चूक झाली की कोड ती फाइल सोडून द्यायचा आणि क्रमांकही परत करायचा. पण तक्त्यातली नोंद तशीच राहायची, मुक्त झालेल्या मेमरीकडे बोट दाखवत. उपाय साधा होता: जे जे फसू शकतं ते आधी उरकायचं आणि फाइल शेवटी बसवायची.

म्हणून मी ‘क्रमांक राखणे’ आणि ‘फाइल बसवणे’ असे दोन शब्दप्रयोग सुचवेन. ‘सेफर’साठीही ‘अधिक सुरक्षित’पेक्षा ‘बिनधोक’ बरा. ‘सुरक्षित’ म्हटलं की वाचकाला पासवर्ड आणि हल्लेखोर आठवतात, इथे रोख आहे तो कोड लिहिणाऱ्याच्या हातून चूक होऊ न देण्यावर. नव्या कोडमध्ये कंपायलरच्या क्लीनअप सोयीमुळे फाइल बसवण्याआधी फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडलं तरी राखलेला क्रमांक आपोआप सुटतो. त्याला ‘बिनधोक राखणी’ म्हणता येईल.

कर्नेलच्या स्वतःच्या मेमरीला मात्र ‘वाटप’ खुशाल वापरा. तिथे मागितलेली जागा खरोखरच लगेच हाती येते.