वडील 'निवडलेल्यांत' नव्हते, असं कोणी सांगू शकतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. तुम्ही मेथडिस्ट, म्हणजे जॉन वेस्लीच्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या घरातल्या. येशू दारावर ठोठावतो, कडी आपण काढायची, असं आजीने शिकवलं. होणारा नवरा अंधेरीकडच्या एका नव्या फेलोशिपमध्ये जातो, ती स्वतःला 'रिफॉर्म्ड', म्हणजे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेतली म्हणवते. तिथली शिकवण अशी की जगाच्या स्थापनेआधी देवाने ज्यांना निवडलं तेच तारले जातील, कारण कडी काढण्याची ताकद कुणाच्याच हातात उरलेली नाही. तुमचे वडील आयुष्यभर चर्चची पायरी न चढता गेले, हे ऐकून तिथल्या एका गटप्रमुखाने तुम्हाला सांगितलं, "ते निवडलेल्यांत नसतील, हे स्वीकारायला शिका." आता तुम्ही विचारताय की शास्त्र खरंच असं म्हणतं का, आणि लग्न टिकेल का.

मी भायखळ्याचा, वय ६७. बाबांकडचे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे कॅल्विनच्याच परंपरेतले, आईकडचे मेथडिस्ट, त्यामुळे हा वाद मी जेवणाच्या ताटावर ऐकत वाढलो. पुढे २७ वर्षं दृढीकरणाचे, म्हणजे चर्चमधल्या मुलांना विश्वासाची शिकवण द्यायचे वर्ग घेतले. दरवर्षी एक तरी पोरगा मागच्या बाकावरून विचारायचाच, "सर, सगळं आधीच ठरलंय तर मी अभ्यास कशाला करू?"

आधी त्या गटप्रमुखाचं बोलू. त्याला तसं म्हणायचा अधिकार त्याच्याच शिकवणीने दिलेला नाही. कॅल्विनने निवडीबद्दल भरपूर लिहिलं, पण आपण निवडलेले आहोत का हे कुठे पाहायचं, यावर त्याचं उत्तर स्पष्ट आहे: ख्रिस्त हा आरसा, त्यात पाहा. देवाच्या गुप्त मसलतीत डोकावू नका. दुसऱ्याचं नाव तपासायचा तर प्रश्नच येत नाही. १६१८-१९ मध्ये हॉलंडमधल्या डॉर्ट गावी जी सभा भरली, तिचे ठराव आज ही मंडळी डोक्यावर घेतात. त्याच ठरावांत पहिल्याच प्रकरणात लिहिलंय की विश्वासू आईबापांचं मूल बाळपणीच गेलं तर त्यांनी त्याच्या निवडीविषयी आणि तारणाविषयी शंका घेऊ नये. इतकी कडक सभा, पण शोकातल्या माणसासमोर तिनेही आवाज खाली आणला. तुमचे वडील बाळ नव्हते, मान्य. पण मयताच्या घरी बसून यादी वाचायची नसते, एवढं तरी त्या गटप्रमुखाने त्यातून घ्यायला हरकत नव्हती.

आता वादाकडे. तुमच्या प्रश्नावर इथे माझ्याआधी आलेल्या दोन उत्तरांपैकी एकात "कॅल्विनवाल्यांच्या मते माणूस कठपुतळी" असं म्हटलंय, दुसऱ्यात "मेथडिस्ट स्वतःच्या प्रयत्नाने तारण मिळवतात" असं. दोन्ही चूक, आणि निम्मी भांडणं याच दोन वाक्यांवर चालतात.

कॅल्विनची बाजू असं म्हणत नाही की माणसाला इच्छाच नाही. इच्छा आहे, ती कुणी जबरदस्तीने वळवत नाही, पण तिला आवडतं तेच चुकीचं आहे. दारुड्याला गुत्त्याकडे ढकलावं लागत नाही, तो आपल्या पायांनी जातो. म्हणून त्याला मोकळा म्हणायचं का? देवाने आधी मन पालटलं तरच माणूस त्याच्याकडे वळतो, आणि मन पालटलं की वळतोच. हा विचार कॅल्विनचा शोधही नव्हे. माणूस आपल्या बळावर चांगला होऊ शकतो म्हणणाऱ्या पेलाजियसविरुद्ध पाचव्या शतकात ऑगस्टीन हेच मांडत होता. ल्यूथरने १५२५ मध्ये इरॅस्मस या विद्वानाला उत्तर देताना माणसाच्या इच्छेला सरळ गुलाम म्हटलं. आणि हो, 'कॅल्विनचे पाच मुद्दे' म्हणून जे फिरतात ते त्याने कधी पाचात मांडले नव्हते. तो वारला १५६४ मध्ये. डॉर्टच्या सभेने पाच मुद्दे केले, कारण १६१० मध्ये विरुद्ध पक्षाने पाच मुद्द्यांचा अर्ज दिला होता.

तो विरुद्ध पक्ष आर्मिनियस या डच धर्मपंडिताचा. गंमत अशी की आर्मिनियस जिनिव्हात शिकलेला, तेही कॅल्विनचा वारसदार बेझा याच्या हाताखाली. त्यानेही माणूस आपल्या बळावर देवाकडे वळतो असं कधी म्हटलं नाही. त्याच्या आणि पुढे वेस्लीच्या मते कृपा आधी येते, प्रत्येकाकडे येते, मेलेल्या इच्छेत धुगधुगी आणते. मग माणूस हो म्हणू शकतो किंवा नाही म्हणू शकतो. म्हणजे तुमच्या आजीची कडीसुद्धा कृपेनेच हलते. कृपेशिवाय तारण नाही, यावर दोघांचं एकमत आहे. कृपेला नाही म्हणता येतं का, एवढ्यावर चारशे वर्षं तोंडं फिरवलेली. डॉर्टला तर राजकारणही मिसळलं. आर्मिनियसच्या पक्षाला पाठीशी घालणारा वृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेव्हेल्ट याचं मे १६१९ मध्ये डोकं उडवलं गेलं.

कॅथलिकांचं कुणी विचारलं नाही, तरी वसई-वांद्र्याच्या शेजाऱ्यांसाठी सांगतो. "ते कर्माने तारण मानतात" हे आपण प्रोटेस्टंट लोक बेधडक बोलतो. ट्रेंटच्या सभेने १५४७ मध्ये केलेल्या ठरावांत पहिलाच धिक्कार आहे तो कृपेशिवाय स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येतं म्हणणाऱ्यांचा. माणसाने कृपेला साथ द्यायची, ती नाकारताही येते, ही त्यांची भूमिका. त्यांच्यातही जेझुइट आणि डोमिनिकन या दोन धर्मसंघांची याच मुद्द्यावर इतकी जुंपली की रोममध्ये जवळपास दहा वर्षं सुनावणी चालली. १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी सांगितलं, एकमेकांना पाखंडी म्हणू नका, निकाल योग्य वेळी देऊ. ती योग्य वेळ अजून आलेली नाही. आपल्या हायकोर्टाला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शास्त्रात काय आहे, तर दोन्ही आहे, आणि तेही एकाच माणसाच्या तोंडचं. पित्याने ओढल्याशिवाय कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही, असं येशू योहान ६:४४ मध्ये म्हणतो. तोच मत्तय २३:३७ मध्ये यरुशलेमकडे पाहून म्हणतो की कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुम्हाला घ्यायची माझी किती इच्छा होती, पण तुमची नव्हती. पौल इफिसकरांना लिहितो की जगाच्या स्थापनेपूर्वी निवडलं. तीमथ्याला लिहितो की सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. फिलिप्पैकरांना तर एका दमात दोन्ही सांगतो: भीत कापत आपलं तारण साधून घ्या, कारण तुमच्यात इच्छा आणि कृती दोन्ही घडवणारा देव आहे. पौलाच्या त्या 'कारण'वर थांबा. आपण असतो तर तिथे 'पण' घातला असता.

दोन्ही घरांना एकेक टोचणी द्यायचीच झाली तर: तुमच्या आजीचं लाडकं दाराचं वचन, प्रकटीकरण ३:२०, हे बाहेरच्यांसाठी लिहिलेलंच नाही, ते लावदिकीयाच्या मंडळीला, म्हणजे रविवारी बाकावर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना लिहिलंय. आणि फेलोशिपवाले ज्या रोमकरांस ९ वर उभे आहेत, तो कुंभार आणि मातीचा अध्याय, तिथे पौल थांबत नाही. ११ व्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो की देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं ते सर्वांवर दया करण्यासाठी, आणि मग वाद सोडून स्तुती करायला लागतो. नववा अध्याय वाचून अकरावा न वाचणं म्हणजे दादरला उतरून चर्चगेट पाहिलं म्हणण्यासारखं आहे.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. मार्जारकिशोर आणि मर्कटकिशोर न्याय तुम्ही ऐकला असेल. रामानुजांच्या अनुयायांत दोन पंथ यावरच पडले: मांजर पिल्लाला तोंडात धरून नेते, पिल्लू काहीच करत नाही, माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं. वर्गात मी हे सांगायचो आणि मुलांना लगेच कळायचं. फक्त एक जोडायचो. आर्मिनियस म्हणेल, पिल्लाच्या मुठीतली ताकदही आईच्याच दुधाची. आणि कॅल्विनच्या बाजूने खरा बोचरा प्रश्न पिल्लू कसं उचललं हा नसून कोणती पिल्लं उचलली हा आहे. तिथे दोन्ही दृष्टांत गप्प बसतात.

मुंबईत हे दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी नांदले. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी इथे उतरले ते कॅल्विनच्या परंपरेतले. १८२९ मध्ये आलेले डॉ. जॉन विल्सन स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, तीच परंपरा. मग १८७१ च्या सुमारास विल्यम टेलर मेथडिस्ट प्रचार घेऊन आले, आणि आधी अमेरिकन मिशनकडून आलेले जॉर्ज बोवेन त्यांना जाऊन मिळाले. कुलाब्याच्या चर्चला नाव आहे ते याच बोवेन साहेबांचं. पुढे १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यात प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बाप्तिस्त असे बरेच आले. अमेरिकन मेथडिस्ट मात्र शेवटच्या घटकेला बाहेर राहिले. माझ्या आईचं माहेर म्हणून बाहेरच. पण आई मेथडिस्ट आणि बाबा दुसरीकडचे असूनही घरात एकच प्रार्थना व्हायची, आणि ती करताना आई काही 'देवा, मी निवडलं म्हणून धन्यवाद' म्हणायची नाही. गुडघ्यावर आले की सगळेच थोडे कॅल्विनवाले होतात, आणि रस्त्यावर सुवार्ता सांगायला उभे राहिले की सगळेच मेथडिस्ट.

हे मला वर्ग घेऊन कळलं नाही. आत्यामुळे कळलं.

आत्या कट्टर मेथडिस्ट घरात दिलेली. "आज निवड कर, उद्या नाही" हे तिचं पालुपद. सत्तरीनंतर तिला विसरायला व्हायला लागलं. आधी चाव्या, मग शेजारणी, मग आम्ही. शेवटच्या वर्षी पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला तिच्या खोलीवर आले. तिसरा मजला, लाकडी जिना, त्यांना धाप लागलेली. भाकरीचा तुकडा पुढे केला तर आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. मग तो घेऊन पदराच्या टोकात बांधायला लागली. पाळकसाहेब अडखळले. स्वतःची परीक्षा करून मग भाकर खावी, असं शास्त्र सांगतं; इथे परीक्षा कोण करणार? क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हलकेच गाठ सोडवली आणि तुकडा तिच्या ओठांना लावला. आत्याने चावला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."

आम्ही हसलो. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू झालं तेव्हा तिचे ओठ हलत होते, शेवटपर्यंत.

त्या संध्याकाळी घरी येताना मला लहानपणापासून शिकवलेलं 'निवड कर' पुरेना. जिला येशूचं नावही आठवत नव्हतं तिने काय निवडायचं? मेथडिस्ट पाळक सांगतील की विसरणं म्हणजे सोडणं नव्हे, विश्वास जाणूनबुजून टाकला तरच जातो. आणि ते बरोबरच सांगतील. पण मला त्या दिवशी तिने धरलंय की नाही यापेक्षा तिला कोणी धरलंय हे ऐकायचं होतं. बाबांकडच्या लोकांची निवडीची शिकवण मला तेव्हा पहिल्यांदा गोड लागली. ती आतल्या माणसाने मागे वळून बोलायची भाषा आहे: मी आलो असं वाटलं, पण आणलं गेलं होतं. हीच भाषा बाहेरच्याकडे बोट दाखवून बोलली की कडू होते. तुमच्या गटप्रमुखाची चूक हीच, शिकवण तीच पण तोंड उलट्या दिशेला.

म्हणून वडिलांबद्दल मी तुम्हाला "ते नक्की स्वर्गात आहेत" असंही लिहिणार नाही. तसं लिहिलं तर मीही यादीच वाचतोय. वधस्तंभावरच्या चोराने शेवटच्या घटकेत काय म्हटलं ते लूकने लिहिलं म्हणून आपल्याला कळलं; बाकीच्यांच्या शेवटच्या घटका कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत.

लग्नाचं. मेथडिस्टांचा वेस्ली आणि कॅल्विनच्या मताचा प्रचारक व्हाइटफील्ड जिवलग मित्र. १७३९ मध्ये वेस्लीने पूर्वनियोजनाविरुद्ध, म्हणजे देवाने आधीच निवडलंय या शिकवणीविरुद्ध प्रवचन छापलं, व्हाइटफील्डने जाहीर पत्र लिहून उत्तर दिलं, दोघे दुरावले, पुन्हा जवळ आले, मत मात्र कुणी बदललं नाही. १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्याच इच्छेनुसार लंडनमध्ये त्याच्यासाठीचं प्रवचन वेस्लीने केलं. तेव्हा मतभेदाने लग्न मोडत नाही. पण होणाऱ्या नवऱ्याला तीन गोष्टी लग्नाआधी विचारा, भांडायला नव्हे, ऐकायला. मुलं झाली तर बाप्तिस्मा कधी द्यायचा? (त्यांच्या फेलोशिपमध्ये मोठेपणीच देत असतील तर तुमच्या आजीचा जीव वर्षभर टांगणीला लागेल.) रविवारी दोघं कुठे बसणार? आणि गटप्रमुख तुमच्या वडिलांबद्दल बोलला तेव्हा हा तिथे होता का, होता तर काय म्हणाला?

तिसऱ्याचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आलं तर इथे लिहा, किंवा नका लिहू, पण आजीला सांगा.