पदक घासू नका, कड वाचा

ठाण्यातल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्यापासून माझं टपाल वाढलं आहे. घर रिकामं करायच्या आदल्या दिवशी माळ्यावरची ट्रंक खाली येते आणि मला फोटो येतो: हे ठेवू की रद्दीत देऊ? या खेपेला अशाच काही पत्रांना उत्तरं.

प्रश्न: पणजोबा पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला गेले होते’, एवढंच घरात माहीत आहे. ट्रंकेत काळं पडलेलं गोल पदक मिळालं. चकचकीत करून फ्रेम करायचं आहे. त्यांची पलटण शोधता येईल का? (नौपाडा)

उत्तर: येईल, पण आधी ती पॉलिशची पावडर आत ठेवा. पदकाचा चेहरा नाही, कड बघायची. भिंग घ्या, टॉर्च आडवा धरा आणि पदक हळूहळू फिरवा. त्या युद्धातल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर इंग्रजीत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अक्षरं बारीक आणि उथळ. घासत राहिलात तर हळूहळू तीच पुसट होतात. काळेपणाने मात्र पदकाचं काही बिघडत नाही. तेच पदक चांदीऐवजी कांस्याचं निघालं (पंखवाल्या आकृतीचं विजय-पदक नव्हे, ते सगळ्यांनाच कांस्याचं मिळे), तर पणजोबा मजूर पथकात किंवा तशाच बिगरलढाऊ कामावर असावेत. त्यात कमीपणा मानून ते लपवणारी घरं मी पाहिली आहेत. कशासाठी, कोण जाणे.

नंबर सापडला म्हणजे माणूस सापडला, असं मात्र नाही. प्रत्येक पलटणीचे नंबर आपापले असत, त्यामुळे एकाच नंबराचे शिपाई अनेक पलटणींत. नंबर आणि पलटण जोडीनेच लिहून घ्या. दुसरी गोची १९२२ची. त्या साली पलटणींची फेररचना झाली आणि ११० मराठा ही ५ मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली, कागदोपत्री ३/५. तशीच १०३ची १/५ झाली आणि ११७ची ५/५. पदकावर ११० आणि पेन्शनच्या कागदावर ३/५ दिसलं, तर ती दोन माणसं नव्हेत.

बसरा म्हणजे मेसोपोटेमियाची, आजच्या इराकातली मोहीम. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला, अन्न संपल्यावर, वेढ्यातल्या इंग्रजांच्या फौजेने शरणागती पत्करली. पणजोबा त्यांत होते की नाही, ते कडेवरची अक्षरंच सांगतील. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी ऑनलाइन चाळता येते, पण तिच्यात फक्त कामी आलेल्यांची नोंद. पणजोबा परत आले असतील तर त्यांचं नाव तिथे नसणारच. ‘यादीत नाही, म्हणजे गेलेच नव्हते’ हा निवाडा मी एकाहून अधिक घरांत ऐकला आहे! आणि बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. तेव्हा नुसत्या दगडाच्या फोटोवरही विसंबू नका. मूळ गाव कोकणात असेल तर चावडीपाशी, शाळेपाशी एक चक्कर मारा. ‘या गावातून इतके गेले, त्यांतले इतके परतले नाहीत’ अशी पाटी काही गावांत अजून आहे.

आणि हे आजच करा. पदक कसल्या कापडात होतं, त्याच्या वर-खाली कुठले कागद होते, ते वहीत लिहून ठेवा. पदकाशेजारी मनिऑर्डरच्या पावत्या असतील तर पैसे कुणाला जात ते कळतं, म्हणजे तो बापाचा, आईचा, बायकोचा शोध आहे. पदक फ्रेममध्ये, पावत्या रद्दीत अशी ताटातूट झाली की दोन्ही मुकी होतात.

प्रश्न: आजीच्या मावशीच्या प्रमाणपत्रावर ‘जी. ए.’ अशी पदवी आहे. भाचा म्हणतो, बी. ए.ऐवजी चुकून छापलं. (पाचपाखाडी)

उत्तर: भाच्याला सांगा, छापखान्याने काही चूक केलेली नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाची ही पदवी: गृहीतागमा, म्हणजे जी. ए. तिच्या पुढची प्रदेयागमा, पी. ए. शिक्षण मातृभाषेतून. पुढे विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. तेच आजचं एसएनडीटी. कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ला. मावशींचं प्रमाणपत्र त्याआधीचं असेल, तर सरकारदरबारी न चालणारी पदवी त्यांनी उघड्या डोळ्यांनी घेतली होती. ट्रंकेत नोकरीचे अर्ज, नकाराची पत्रं आहेत का बघा. मला प्रमाणपत्रापेक्षा तीच वाचायला आवडतील.

कुणाचे आजोबा मुंबई विद्यापीठाचे जुने पदवीधर असतील, तर विद्यापीठाची जुनी ‘कॅलेंडर’ शोधा. भिंतीवरची नव्हेत! दरसालच्या जाडजूड पुस्तकाचं ते नाव, आणि त्यात पदवीधरांच्या नावांच्या याद्या आहेत.

प्रश्न: भूसंपादनाच्या नोटिसा आणि काही मोडी कागद घरात आहेत. मोबदला मिळाला, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचा भूखंडही मिळाला. आता ठेवायचे कशाला? (घणसोली)

उत्तर: सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७०ची, आणि नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली गेली. त्या फायली सरकारकडे आहेत. पण फायलीत सर्व्हे नंबर असतो, शेताला घरात काय म्हणायचे ते नसतं. या जमिनींसाठी झालेल्या जानेवारी १९८४च्या शेतकरी आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले. त्या दिवसांतली पत्रकं, वर्गणीच्या पावत्या, मोर्चाचे फोटो घरोघरीच असणार. आजी अजून माणसं ओळखते आहे तोवर फोटोमागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा, बॉलपेनने नको. मोडी वाचणाऱ्याला मूळ कागद देऊ नका, मोबाइलवरचा फोटो पुरतो. स्वतः शिकायची असेल तर पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग असतात.

प्रश्न: पावसाळ्यात कागदांना बुरशी येते. लॅमिनेट करून टाकू का? (कळवा)

उत्तर: नको. हे मी स्वतः करून बसलो आहे. वीस वर्षांपूर्वी आजोबांची एक सनद झेरॉक्सच्या दुकानात दिली. गरम रुळाखालून ती निघाली ती कायमची प्लास्टिकात, आणि एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा. आजही तो दिसला की चरचरतं. त्यापेक्षा धुतलेल्या, खळ काढलेल्या सुती कापडाचा रुमाल आणि बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट बरं. वेखंडाची पुरचुंडी कपाटात चालेल, कागदावर नको. बोरूने लिहिलेली जुनी काळी शाई उन्हाने फिकी पडत नाही, पण पाण्याने वाहून जाते. २६ जुलै २००५ला पाणी शिरलेल्या घरांना हे सांगायला नको. कागद भिजलेच तर उन्हात टाकू नका. टिपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर सुकवा. गठ्ठा मोठा असेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

प्रश्न: मुलं परदेशात. सगळं एखाद्या संस्थेला द्यायचं आहे. कुणाला? (वाशी)

उत्तर: पुस्तकं असतील तर १८९३चं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे विचारा. कागदपत्रांसाठी आधी काळा घोड्याला पुराभिलेखागारात जाऊन बोला. कुठेही गेलात तरी एकच विचारा: संग्रह एकत्र, आमच्या क्रमाने ठेवणार का? आणि पावतीवर ‘जुने कागद, १ गठ्ठा’ एवढंच लिहून देत असतील तर सही करू नका. बसा, चहा मागवा आणि एकेक कागद मोजून यादी करून घ्या.