एअर रायफलला तेल घालताना जरा जपून

अरे आधी ती डब्ल्यूडी-४० ची (गंज सोडवायच्या स्प्रेची) बाटली बाजूला ठेव, ते काही टिकाऊ वंगण नाही, आणि तुझी स्प्रिंगवाली असेल तर साधं तेल चुकूनही सिलिंडरमध्ये जाऊ देऊ नकोस, दाबाने हवा तापते नि तेल पेटतं, सील कामातून जातं. मी सुरुवातीला हेच केलं, धूर निघाला तरी मला वाटलं पॉवर वाढली 😅

४.५ मिमीच्या बॅरलला फेल्ट पेलेट (नळी पुसायची नमद्याची गोळी) बास, तेही ग्रुप बिघडला, म्हणजे छर्रे एका जागी न लागता पसरायला लागले, तरच. पावसाळ्यात मात्र बाहेरच्या लोखंडावर पातळ गन ऑइलचा हात फिरवायचा, अगदी फडक्याला लागेल एवढंच. पीसीपीच्या (आधीच दाबाची हवा भरून ठेवायच्या रायफलच्या) ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीस. आणि हात धू रे, छर्ऱ्यांत शिसं असतं.