डोक्याला मार लागून तीन महिने झाले, सिटी स्कॅन चांगला आहे, तरी डोके दुखते आणि रात्री झोप लागत नाही, काय करावे?

सिटी स्कॅन चांगला आला म्हणजे रक्तस्राव नाही आणि हाडाला तडा नाही एवढेच कळते. मेंदूला बसलेला हादरा त्यात दिसत नाही, त्यामुळे घरचे काहीही म्हणोत, आपला त्रास खोटा ठरत नाही.

उदगीरला माझे मेडिकलचे दुकान आहे, मी डॉक्टर नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न गोळ्यांचा. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, अथवा कॅफिन किंवा कोडीन मिसळलेल्या गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखत राहू शकते. माझ्याकडे दर आठवड्याला पाकीट नेणारी गिऱ्हाइके आहेत आणि त्यांतल्या कोणालाही हे पटत नाही. गोळी घेतलेल्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा आणि तेच कॅलेंडर डॉक्टरांना दाखवा.

झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मागू नका. तिने दिवसा गुंगी येते, तोल जातो आणि तिची सवयही लागते. त्याऐवजी रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ एकच ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की दुपारची झोप टळत नाही, हे मला मान्य आहे. पण ती अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत असावी, चहा त्यानंतर नको आणि पाणी मात्र भरपूर प्यावे. अंथरुणावर पडून राहण्याचा उपयोग मार लागल्यानंतर फक्त एक-दोन दिवस असतो. आता सकाळी चालावे, त्रास थोडासा वाढला तर चालेल, फार वाढला तर वेग कमी करावा.

दुखणे मानेपासून वर चढत असेल तर फिजिओथेरपिस्टला मान दाखवा. डोकेदुखी आणि झोप या दोन्हींसाठी न्यूरॉलॉजिस्ट (मेंदू व मज्जातंतूंचे डॉक्टर) कधी कधी रात्री अमिट्रिप्टिलीन या गोळीचा अल्प डोस देतात. त्याने तोंड कोरडे पडते व सकाळी सुस्ती येते, म्हणून तो त्यांच्याच देखरेखीखाली घ्यावा. लातूरला, नांदेडला किंवा संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात दाखवता येईल.

मात्र दुखणे दिवसेंदिवस वाढू लागले, उलट्या झाल्या, हातपाय लुळे वाटले, बोलणे अडखळले किंवा माणूस सारखा पेंगू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वयस्कर व्यक्ती आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये कवटीच्या आतला रक्तस्राव काही आठवड्यांनीही उघड होतो, तेव्हा जुन्या स्कॅनवर विसंबून राहू नये.